अल्पपरिचित भाषांवर लेख कशासाठी?

संगणकाला वाहिलेल्या एखाद्या मासिकाने फारशा वापरात नसलेल्या प्रोग्रामिंग भाषेवर चार पाने खर्ची घातली, की एक ठरलेला वाद उभा राहतो. एक पक्ष लोकप्रियतेची क्रमवारी पुढे करतो, त्या भाषेचा चाळिसावा-पन्नासावा क्रमांक दाखवतो आणि विचारतो की, भाषा इतकी चांगली आहे तर ती इतकी मागे का? हातच्या काकणाला आरसा कशाला? दुसरा पक्ष तितक्याच आवेशाने सांगतो की, भाषा उत्कृष्टच आहे, कमी पडते आहे ती प्रसिद्धी; तेव्हा एक लेख कसला, चांगली वर्षभराची लेखमाला हवी. गंमत अशी की, असा लेख म्हणजे जाहिरात, यावर हे दोन्ही पक्ष न बोलताच एकमत झालेले असतात. एकाला ती जाहिरात नकोशी वाटते, दुसऱ्याला अपुरी वाटते, एवढाच काय तो फरक. माझे म्हणणे असे की हे गृहीतकच चुकीचे आहे. लेखाने भाषा लोकप्रिय होत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी धरू नये. पण ज्याचे अडलेले काम त्या भाषेने सुटेल अशा वाचकाशी तिची गाठ घालून देणे मासिकातल्या लेखाला जितके साधते तितके दुसऱ्या कोणत्याही साधनाला साधत नाही, आणि तोच लेख जाहिरातीच्या सुरात लिहिला की ही गाठ हमखास हुकते.

क्रमवारीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण त्यात फारसा दम नाही. वादात सर्वांत जास्त वापरली जाणारी, टायोबी या कंपनीची क्रमवारी मुख्यतः भाषेच्या नावाने शोधयंत्रांवर किती पाने सापडतात यावरून काढली जाते. म्हणजे त्या भाषेविषयी किती लिहिले गेले आहे, हेच ती मोजते. जिच्यावर कोणी लिहीत नाही ती भाषा क्रमवारीत मागे, आणि क्रमवारीत मागे म्हणून तिच्यावर लिहू नका, असा हा युक्तिवाद स्वतःचीच शेपटी धरून गोल फिरत राहतो. काकणाच्या म्हणीचेही तसेच आहे. काकण हातात असेल तर आरसा नको हे खरे. पण ते पेटीत असेल तर आधी कोणीतरी पेटी उघडावी लागते.

पेटी उघडली गेली की काय होऊ शकते याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण लुआ या भाषेचे आहे. १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात रोबेर्तो इरुझालिम्स्की, लुईझ एन्रिके द फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी ती तयार केली. जग जिंकायचा विचार त्यामागे मुळीच नव्हता. पेट्रोब्रास या तेल कंपनीसाठी विद्यापीठातील टेकग्राफ हा गट जी साधने बनवत असे, त्यांत दोन छोट्या भाषा आधीपासून होत्या. त्यांपैकी एकीचे नाव सोल, म्हणजे पोर्तुगीजमध्ये सूर्य. दोहोंच्या जागी एकच नीटस भाषा आली तेव्हा तिला चंद्राचे नाव मिळाले. मागे बडी संगणक कंपनी नाही, जाहिरातीचा पैसा नाही आणि घर सॉफ्टवेअर उद्योगाच्या मुख्य पेठांपासून हजारो किलोमीटर दूर, अशी ही भाषा तीन वर्षे बऱ्याच अंशी आपल्या अंगणातच वाढली.

१९९६ मध्ये तिच्या कर्त्यांनी दोन ठिकाणी तिच्याविषयी लिहिले. एक प्रबंध 'सॉफ्टवेअर: प्रॅक्टिस अँड एक्स्पीरियन्स' या संशोधनपत्रिकेत आला, तर डिसेंबरच्या अंकात 'डॉ. डॉब्ज जर्नल' या थेट प्रोग्रामरांसाठी निघणाऱ्या मासिकात एक लेख आला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९९७ मध्ये, लुकासआर्ट्स या गेम बनवणाऱ्या कंपनीतील एका प्रोग्रामरचे पत्र आले: स्कम ही आपली जुनी, घरगुती स्क्रिप्टिंग भाषा काढून तिच्या जागी आम्ही लुआ बसवत आहोत. १९९८ मध्ये 'ग्रिम फँडँगो' हा गेम लुआसह बाजारात आला, आणि त्यानंतर गेमच्या धंद्यात लुआची वाट रुंदावत गेली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये खेळाडू स्वतःच्या सोयीसाठी जे जोडप्रोग्रॅम लिहितात ते लुआतच लिहितात. उद्योगाचे लक्ष आपल्याकडे त्या मासिकातील लेखामुळे वळले, हे लुआच्या कर्त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे.

तो लेख किती हजार लोकांनी वाचला, हा प्रश्न इथे अगदी गौण ठरतो. महत्त्वाचा ठरला तो एक वाचक, ज्याच्या टेबलावर थकलेली जुनी भाषा होती आणि समोर नवा गेम होता. त्या लेखात त्याला काय दिसले असेल? लुआ ही सी या प्रस्थापित भाषेपेक्षा श्रेष्ठ आहे असा दावा त्यात नव्हता. तुमचा सीमधला प्रोग्रॅम जसा आहे तसा राहू द्या, त्याच्या पोटात हा लहानसा इंटरप्रिटर, म्हणजे लुआतल्या ओळी वाचून चालवणारा प्रोग्रॅम, बसवा, आणि जे वारंवार बदलावे लागते ते त्याच्यावर सोपवा, एवढाच त्या भाषेचा प्रस्ताव होता. ज्याला ती अडचण नव्हती त्याने पान उलटले असेल. उलटू द्यावे.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. भाषा लेखांनी वाढत नाहीत, त्या ज्या वाहनावर बसतात त्या वाहनाने वाढतात, असे जाणकार सांगतात आणि ते बव्हंशी खरे आहे. सी ही युनिक्स या कार्यप्रणालीबरोबर पसरली. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरसाठी अवघ्या दहा दिवसांत उभी केली गेली, आणि तिच्यावर कितीही टीकालेख आले तरी तिचे काही बिघडले नाही, कारण ब्राउझरमध्ये चालणारी भाषा म्हणजे तीच. ऑब्जेक्टिव्ह-सी पाव शतक मूठभर लोकांपुरती होती. २००८ मध्ये आयफोनची दारे बाहेरच्या प्रोग्रामरांना उघडली, त्यावरचे प्रोग्रॅम याच भाषेत लिहायचे होते, आणि रातोरात तिचे वर्ग भरू लागले. यातल्या कोणत्या भाषेला मासिकाने हात दिला होता? फारसा नाही, हे मान्य करतो. पण यावरून पाठीशी सत्ता किंवा बाजार असला की झाले, असा निष्कर्ष काढायचा असेल तर एडा या भाषेचे काय करायचे? तिच्यामागे तर अमेरिकेचे संरक्षण खाते उभे होते. १९८३ मध्ये ती प्रमाणित झाली, पुढे त्या खात्याच्या सॉफ्टवेअरसाठी तिची सक्ती झाली, आणि १९९७ मध्ये ती सक्ती मागे घ्यावी लागली. विमान-वाहतूक आणि रेल्वेसारख्या, चूक परवडत नाही अशा कामांत एडा आजही मानाने टिकून आहे. पण हुकमाच्या जोरावर ती घरोघरी पोचली नाही. उलट पर्ल आणि पायथन यांच्या सुरुवातीच्या वर्षांत ना हुकूम होता ना श्रीमंत वाहन. वाहनाचा सिद्धांत बऱ्याच भाषांचे भवितव्य सांगतो, सगळ्यांचे सांगत नाही, आणि आपण ज्या भाषांविषयी बोलतो आहोत त्यांना तर वाहन नाही म्हणूनच हा वाद उद्भवला आहे.

मात्र लेखाची ताकद कुठे संपते हेही त्याच इतिहासात स्पष्ट दिसते. 'बाइट' मासिकाने ऑगस्ट १९८१ चा अंक स्मॉलटॉकला वाहिला. मुखपृष्ठावर रॉबर्ट टिनी यांनी रंगवलेला रंगीत फुगा आकाशात चढताना दिसतो, आणि आत ही भाषा घडवणाऱ्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी स्वतः लिहिलेले लेख आहेत. एखाद्या भाषेला यापेक्षा देखणे व्यासपीठ क्वचितच मिळाले असेल. पण ज्या वाचकाने तो अंक हातात घेतला त्याच्या घरी बहुधा अॅपल टू किंवा तशाच जातीचे, ४८ किलोबाइट स्मृतीवर समाधान मानणारे यंत्र होते. स्मॉलटॉकला लागणारे यंत्र त्याच्या स्वप्नातही बसणारे नव्हते. लेख वाचून तो भारावला असेल, पण त्या रात्री त्याला करण्यासारखे काहीच नव्हते. याच्या उलट १९७५-७६ मधली टायनी बेसिकची कथा पाहा. पीपल्स कॉम्प्युटर कंपनीच्या वार्तापत्राने अगदी छोट्या स्मृतीत मावेल अशा बेसिकचा आराखडा छापला, वाचकांनी आपापल्या यंत्रांसाठी ती भाषा लिहून पाठवली, आणि ते सारे छापण्यासाठी छायाप्रतींचे तीन अंक काढावेत म्हणून जे सुरू झाले तेच पुढे डॉ. डॉब्ज जर्नल झाले. इथे मासिकाने भाषेचा प्रचार केला असे म्हणणेही अपुरे पडेल. भाषा मासिकाच्या पानांवरच घडली, आणि वाचक दुसऱ्या दिवशी छापील ओळी टाइप करून ती चालवून पाहत होता, चूक सापडली तर कळवत होता.

जाहिरातच हवी असेल तर तिचेही एक यशस्वी उदाहरण देतो. नोव्हेंबर १९८३ च्या बाइटमध्ये बोरलँड कंपनीने टर्बो पास्कलची पानभर जाहिरात दिली: किंमत ४९.९५ डॉलर, जेव्हा इतर पास्कल कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारी साधने) काही शे डॉलरना मिळत. ती जबरदस्त चालली. पण ती चालली याचे एक कारण असे की पास्कल ही भाषा काय आहे हे वाचकाला आधीच ठाऊक होते. याच मासिकाने पाच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९७८ मध्ये, पास्कलवर अख्खा अंक काढला होता आणि विद्यापीठांत ती शिकवली जात होती. जाहिरात माहीत असलेल्या वस्तूची किंमत सांगू शकते. मुळात ती वस्तू का हवी, हे सांगायला चार पाने आणि थोडा धीर लागतो.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. उत्साही लेख वाचून एखादा तरुण दुर्मीळ भाषेत कंपनीचे महत्त्वाचे काम लिहितो, दोन वर्षांनी नोकरी बदलतो, आणि मागे उरलेल्यांना तो प्रोग्रॅम वाचताही येत नाही. हे घडते. पॉल ग्रॅहम या प्रोग्रामर-उद्योजकाच्या २००१ मधल्या गाजलेल्या निबंधाने लिस्प ही जुनी भाषा आपले गुप्त शस्त्र होती असे सांगून कितीजणांना लिस्पकडे वळवले असेल कोण जाणे. त्यांची व्हायावेब कंपनी लिस्पच्या बळावर भराभर पुढे गेली आणि १९९८ मध्ये याहूने ती विकत घेतली, हा कथेचा आवडता भाग. नावडता भाग असा की, पुढे याहूने तो सारा डोलारा सी++ आणि पर्लमध्ये नव्याने लिहून काढला. दोन्ही भाग खरे आहेत, आणि प्रामाणिक लेखात दोन्ही यायला हवेत. मात्र या आक्षेपातून 'लिहूच नका' हे कसे निघते ते मला कळत नाही. भाषा शिकणे आणि ती कंपनीच्या गळ्यात बांधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा लाभ दुसरीशिवायही पुरेपूर मिळतो. पायथनमध्ये २००० साली आलेली यादी-रचना (एका यादीवरून दुसरी यादी एका ओळीत बनवण्याची सोय) हॅस्केल या भाषेकडून घेतलेली आहे. जावाने २०१४ मध्ये स्वीकारलेली लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेले बिननावाचे फंक्शन, लिस्पच्या जगात कित्येक दशके नांदत होती. रस्ट या भाषेचा पहिला कंपायलर ओकॅमल या भाषेत लिहिला गेला आणि त्या घराण्याचे वळण रस्टमध्ये आजही दिसते. या भाषा कोणीच वाचल्या-अभ्यासल्या नसत्या तर रोजच्या वापरातल्या भाषांना उसने तरी काय मिळाले असते?

इथे माणसांच्या भाषांशी तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती तुलना एका ठिकाणी उपयोगी, दुसऱ्या ठिकाणी दिशाभूल करणारी आहे. झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये एस्पेरांतो ही साऱ्या जगासाठी रचलेली कृत्रिम भाषा प्रसिद्ध केली आणि १८८९ पासून न्यूरेम्बर्गहून 'ला एस्पेरांतिस्तो' हे तिचे नियतकालिक निघू लागले. विखुरलेल्या अनुयायांना एकत्र बांधायला ते इतके उपयोगी पडले की, १८९४ मध्ये भाषेत सुधारणा कराव्यात की नाही यावर त्याच्या वर्गणीदारांनीच मतदान केले आणि भाषा आहे तशी ठेवली. तरी एस्पेरांतो जगाची भाषा झाली नाही. 'बघा, नियतकालिकाने काय साधले?' असे विचारणारा एक फरक विसरतो. बोलण्याच्या भाषेला पहिल्या दिवसापासून दुसरा माणूस लागतो. प्रोग्रामिंगच्या भाषेला पहिल्या दिवशी फक्त यंत्र लागते. एकट्या माणसाने शिकलेली एस्पेरांतो मुकी राहते, पण एकट्याने शिकलेल्या ऑक या मजकूर हाताळणाऱ्या छोट्या भाषेच्या बळावर त्याचा दोन तासांचा कंटाळवाणा हिशेब दोन मिनिटांत उरकतो. लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा साठा), सहकारी, दुरुस्ती या गरजा पुढे उभ्या राहतात, आणि तिथे संख्या महत्त्वाची ठरते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आरंभाला ती अट नाही, आणि लेखाचा संबंध आरंभाशीच असतो.

मासिके तरी आता कुठे उरली, असेही विचारले जाते. बाइटचा छापील अंक १९९८ मध्ये थांबला, डॉ. डॉब्जचा २००९ मध्ये, आणि 'लिनक्स जर्नल'नेही २०११ मध्ये कागद सोडला. कागदाविषयी मी हळवा नाही. मासिकाचा खरा गुण कागदात नव्हता. वाचकाने जे मागितले नव्हते ते त्याच्यासमोर ठेवण्याची मुभा संपादकाला होती, हा तो गुण. शोधयंत्र विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते. पण ज्या भाषेचे नावच ठाऊक नाही तिचा शोध कोण घेणार? नेटवर्कच्या लेखासाठी अंक उघडलेला वाचक पान उलटताना लुआपाशी थांबतो, ही घटना शोधपेटीत घडत नाही. संपादित, ठरावीक लांबीचे आणि अनेक विषय शेजारी शेजारी ठेवणारे नियतकालिक पडद्यावर असले तरी हे घडू शकते.

राहिला प्रश्न लेख कसा लिहावा याचा, आणि इथे माझी तक्रार भाषाप्रेमींच्या बाजूकडे आहे. आपला तो बाब्या या वृत्तीने लिहिलेले लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांच्या उलट जातीचा एक नमुना म्हणजे मे २००० च्या लिनक्स जर्नलमधला एरिक रेमंड यांचा पायथनवरचा लेख. त्याची सुरुवात किळसेने होते. ओळीच्या आधीच्या रिकाम्या जागेला अर्थ देणारी भाषा पाहून आपण कसे मागे सरलो, हे पर्ल वापरणारा हा माणूस मोकळेपणाने सांगतो. मग एका खऱ्या कामासाठी ती वापरली तेव्हा वीसेक मिनिटांत त्या जागांचे काही वाटेनासे झाले, असे कबूल करतो. जो वाचक स्वतः त्याच कारणासाठी पायथनला नाक मुरडत होता, त्याच्याशी याहून जवळून कसे बोलता येईल?

काही वर्षांपूर्वी एका फंक्शनल भाषेवरच्या लेखाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला. पहिल्या पानावर भाषेचा इतिहास होता, दुसऱ्यावर 'शुद्ध', 'अभिजात', 'सुंदर' या विशेषणांची रांग, तिसऱ्यावर फॅक्टोरियल (एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतचा गुणाकार) चार ओळींत आणि शेजारी तेच जावाच्या पंचवीस ओळींत. जावाचा नमुना उघडच फुगवलेला होता. प्रत्येक महिरपी कंसाला स्वतंत्र ओळ आणि मध्ये मोकळ्या ओळींची खैरात. फॅक्टोरियल काढण्यासाठी भाषा बदलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी लेखकाला विचारले की, तुम्ही स्वतः ही भाषा शेवटची कधी वापरली? तो म्हणाला, रोज रात्री वापरतो. त्याच्या कामाच्या ठिकाणी निरनिराळ्या पुरवठादारांकडून फायली येत, कोणी आधी दिवस लिही, कोणी आधी महिना, आणि '०३-०४' ही तीन एप्रिल की चार मार्च हे कळायला मार्ग नसे. त्याने प्रत्येक पुरवठादाराच्या तारखेला वेगळा टाइप, म्हणजे माहितीचा वेगळा प्रकार, दिला होता, त्यामुळे दोन तऱ्हांच्या तारखा चुकून एकत्र झाल्या तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नसे. मग हे लेखात का नाही? "ते फारच किरकोळ आहे हो," तो म्हणाला.

लेख नव्याने लिहिला गेला आणि '०३-०४' या दोन आकड्यांनी सुरू झाला. शेवटून दुसरा परिच्छेद मी आग्रहाने घालायला लावला: एक्सेलच्या फायली वाचणारी त्या भाषेची लायब्ररी अर्धवट आहे, कंपाइल व्हायला वेळ लागतो, आणि सहकाऱ्याच्या संगणकावर ती इन्स्टॉल करण्यात अख्खी दुपार गेली. आपणच आपल्या भाषेची बदनामी का करायची, यावर आमची बरीच वादावादी झाली. अखेर परिच्छेद राहिला. अंक निघाल्यावर जी थोडीफार पत्रे आली त्यांतली बहुतेक याच परिच्छेदाविषयी होती. एका वाचकाने त्या लायब्ररीतला दोष स्वतःपुरता दुरुस्त केला होता आणि तो तुकडा त्याने पत्रासोबत पाठवला. लेखकाने तो त्याच रात्री आपल्या प्रोग्रॅमला जोडून पाहिला. पुरवठादारांच्या फायली आजही त्याच प्रोग्रॅममधून जातात, आणि त्या कचेरीत ती भाषा येणारा तो अजूनही एकटाच आहे.